रुमाल, दस्ती आणि पान्युएलो

बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद वा बसवकल्याण तालुक्यात, किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदच्या बाजूस, एखाद्या वयस्क मराठी गृहस्थाने 'माझा रुमाल आण' म्हटले, तर त्याला डोक्यास गुंडाळावयाचे लांब वस्त्र हवे असते. घाम पुसावयाच्या चौकोनी तुकड्याला तो 'दस्ती' म्हणतो. क्रमिक पुस्तकातील रुमाल मात्र खिशात असतो आणि दस्ती हा शब्द त्या पुस्तकाला ठाऊकच नसतो. मग निबंधात कोणी 'आजोबांनी रुमाल बांधला आणि दस्तीने तोंड पुसले' असे लिहिले की शिक्षकांची तांबडी शाई त्या दोन्ही शब्दांवरून फिरते. वस्तुतः या वाक्यात चूक अशी काहीच नाही. 'रू' म्हणजे तोंड आणि 'माल' म्हणजे पुसणारे, हा मूळ फारसी अर्थ पुस्तकाने राखला आहे, तर सीमाभागाने तो शब्द डोक्यावर चढवून रिकाम्या झालेल्या जागी हातातील वस्त्रासाठी 'दस्त' म्हणजे हात या शब्दापासून दुसरे नाव घेतले आहे.

हेच मूल पुढे स्पॅनिश शिकू लागले म्हणजे त्याला 'पान्युएलो' हा शब्द भेटतो. 'पान्यो' म्हणजे कापड, त्याचे हे लघुरूप. हा पान्युएलो खिशातही असतो, गळ्याभोवतीही असतो आणि डोक्यालाही बांधतात. कोणता ते स्पष्ट करावयाचे असेल तर 'दे बोल्सिल्यो' म्हणजे खिशाचा, 'दे काबेथा' म्हणजे डोक्याचा, अशी जोड द्यावी लागते. 'पान्युएलो म्हणजे रुमाल' एवढे पाठ केलेला विद्यार्थी डोक्याला पान्युएलो बांधलेली शेतकरीण वाचताना अडखळतो. औरादच्या मुलाला अडखळण्याचे कारण नाही, कारण एकच नाव दोन जागी वावरते हे त्याने घरीच पाहिलेले असते. अर्थात ते ज्ञान शाळेने आधीच खोडून टाकलेले नसेल, तरच.

स्पॅनिश शिकू इच्छिणाऱ्यांची संख्या आपल्याकडे हळूहळू वाढते आहे. सीमाभागातील विद्यार्थ्याला त्यासाठी जवळचे ठिकाण म्हणजे हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषांचे विद्यापीठ. 1958 साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी निघालेली ही संस्था पुढे इतर भाषांकडे वळली आणि 2007 मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली. दिल्लीत थेर्वांतेसच्या नावाने चालणारी स्पॅनिश शासनाची संस्था 2009 पासून आहे. अशा वर्गांत वस्त्रांची नावे फार लवकर येतात आणि बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकवली जातात. शर्ट म्हणजे कामिसा, स्कर्ट म्हणजे फाल्दा, अशी ती जोडी असते. या पद्धतीने शब्द लवकर येतात आणि लवकरच जातात. बिदर-कलबुर्गीच्या मराठी विद्यार्थ्यासाठी याहून जवळची वाट आहे, ती दाखवण्यासाठी हा लेखप्रपंच.

या प्रदेशाची कापडाशी ओळख जुनी आहे. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या इतर उपभोगांबरोबर वस्त्रोपभोगाचेही प्रकरण आहे, आणि देशोदेशीच्या वस्त्रांची त्यात नोंद आहे. पुढे 1347 मध्ये गुलबर्ग्याला बहमनी राज्य स्थापन झाले आणि पंधराव्या शतकात त्याची राजधानी बिदरला आली. तेव्हा अरबी-फारसी वस्त्रनामांचा लोंढाच या भागात शिरला. त्याच काळात, 1470 च्या सुमारास, त्वेर नगरीचा अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बिदरमध्ये येऊन राहिला. त्याच्या प्रवासवृत्तात घोडे आणि रेशीम यांच्या जोडीने 'कामका' नावाच्या कापडाचा व्यापार नमूद आहे. आपल्या किनखाबाशी नाते सांगणारा हा शब्द. सुलतानाच्या रत्नजडित कफ्तानाचे वर्णन त्यात आहे, आणि इकडचे लोक डोक्याला व कमरेला गुंडाळतात त्या वस्त्राला त्याने 'फोता' हे येथे चालणारे नावच वापरले आहे. रशियन वाक्यात दख्खनचा शब्द जसाच्या तसा बसवणारा हा मनुष्य परक्या वस्त्रांची नावे कशी शिकला असेल? अर्थात बाजारात उभे राहून, कोण काय केव्हा अंगावर घालतो हे बघून. शब्दांची यादी त्याला कोणी दिली नव्हती.

आता स्पेनकडे वळू. इ.स. 711 मध्ये अरबांचे सैन्य त्या देशात उतरले आणि 1492 मध्ये ग्रानादाचे अखेरचे मुस्लिम राज्य संपले. या सुमारे आठ शतकांत स्पॅनिश भाषेने अरबीतून जे शब्द उचलले त्यांत वस्त्रांचे शब्द पुष्कळ आहेत. अरबी-फारसी शब्दांचा एक प्रवाह पश्चिमेस अंदलुसियात गेला आणि दुसरा पूर्वेस दख्खनमध्ये आला. दोन टोकांच्या माणसांनी एकमेकांस कधी पाहिले नाही, पण त्यांच्या कपाटांत सारख्या नावांच्या वस्तू येऊन पडल्या.

आपला जुब्बा घ्या. अरबी 'जुब्बा' स्पॅनिशमध्ये प्रथम 'आल्खुबा' झाला आणि त्याच्यापासून 'खुबोन' हा अंगाला घट्ट बसणारा कुडता निघाला. आपली सलवार ही फारसी 'शलवार'. तिचे अरबी अनेकवचन 'सराविल' स्पेनमध्ये जाऊन 'थारागुएय्येस' झाले, आणि वालेन्सिया व मुर्सिया येथील शेतकऱ्यांच्या पारंपरिक वेषातील रुंद चोळणा आजही त्याच नावाने ओळखला जातो. आपल्या जुन्या मराठीत जाड लोकरीच्या पांघरुणाला 'बुरणूस' म्हणत. तोच अरबी 'बुर्नुस' तिकडे 'आल्बोर्नोथ' झाला. पायातला 'पापोस', म्हणजे पाय झाकणारा, अरबी आणि फ्रेंच अशा दोन दारांतून फिरून स्पॅनिशमध्ये 'बाबूचा' या नावाने सपाता होऊन बसला. कापडांतही हेच दिसते. सुती-रेशमी मिश्र कापडाला आपण 'कुतनी' म्हणत आलो, ती अरबी 'कुत्न' म्हणजे कापूस या शब्दावरून. स्पॅनिशमध्ये कापसालाच 'आल्गोदोन' म्हणतात आणि त्यात हाच 'अल्-कुत्न' आहे. आपला 'ताफता' तिकडे 'ताफेतान', आपली 'सकलात' तिकडच्या 'एस्कार्लाता'च्या गोत्रातली, आणि आपली शाल फ्रेंचांच्या मध्यस्थीने 'चाल' झालेली. शिंप्याला आज 'सास्त्रे' म्हणतात, पण जुन्या स्पॅनिशमध्ये तो 'आल्फायाते' होता, म्हणजे अरबीतला 'अल्-खय्यात', शिवणारा. पोर्तुगीजांनी हा शब्द अद्याप सोडलेला नाही.

पोर्तुगीजांचे नाव निघाले म्हणून सांगावयाचे की, दुसरी एक वाट गोव्यावरून येते. स्पॅनिशची ही सख्खी बहीण सोळाव्या शतकापासून आपल्या किनाऱ्यावर नांदली आणि बटण अडकवावयाचे 'काज' तिने आपल्याला दिले. पोर्तुगीजमध्ये 'काझा' म्हणजे घर, बटणाचे घर. स्पॅनिश माणूस मात्र काजाला 'ओखाल' म्हणतो, कारण त्याला तेथे 'ओखो', म्हणजे डोळा, दिसतो. जुन्या मराठीतील 'साया' हा परकर पोर्तुगीज 'साइया'च आहे आणि स्पॅनिशमध्ये तो 'साया' या रूपातच भेटतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. ध्वनिसाम्य दिसले की नाते जोडण्याचा मोह आपल्या अभ्यासकांना फार होतो. मानाचा पोशाख म्हणजे 'खिलत' आणि स्पॅनिशमध्ये समारंभाचा थाट म्हणजे 'गाला'. हे दोन शब्द एकच, असे पूर्वी काहींनी सुचवलेही होते. पण 'गाला' हा फ्रेंचमधून आलेला शब्द आहे असे मत आज मान्य आहे, तेव्हा ही सोयरीक मोडलेलीच बरी. 'खमीस' आणि 'कामिसा' यांचे नाते खरे असले तरी सरळ नाही. अरबी 'कमीस'च्याच मुळाशी उत्तरकालीन लॅटिनमधला 'कामीसिया' असावा असे दिसते. म्हणजे युरोपातून अरबस्तानात, तेथून इराणमार्गे आपल्याकडे, आणि शिवाय पोर्तुगीजांच्या गलबतातून पुन्हा एकदा, असा या सदऱ्याचा प्रवास झाला असणे शक्य आहे. माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फारसी-मराठी कोश आणि मोल्सवर्थचा कोश हे दोन ग्रंथ हाताशी ठेवून शिक्षकांनी ही नाती तपासावीत आणि मगच वर्गात सांगावीत.

तथापि शब्दाची व्युत्पत्ती कळली म्हणजे शब्द कळला असे होत नाही. वस्त्राच्या नावाबरोबर त्याची पायरी येते, आणि ती गावागणिक बदलते. बुरणूस हे गरिबाचे पांघरूण. अरबांचा बुर्नुस हा टोपडे असलेला झगा. आजच्या स्पेनमधला आल्बोर्नोथ म्हणजे स्नानानंतर अंगावर घ्यावयाचा टॉवेलाचा अंगरखा. तो घालून कोणी लग्नास गेला तर काय होईल ते सांगावयास नको. पायजम्याचेही तसेच. हा आपल्याकडचा शब्द इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशमध्ये जाऊन 'पिखामा' झाला, पण तेथे तो केवळ निजण्याचा वेष आहे. आपल्याकडे पांढरा स्वच्छ पायजमा घालून मनुष्य सभेच्या व्यासपीठावर बसतो. खुद्द स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतही हा पायऱ्यांचा फरक आहे. 'पोयेरा' म्हणजे अर्जेंटिनात रोजचा साधा स्कर्ट, आणि पनामात हाच शब्द स्त्रियांच्या भरजरी राष्ट्रीय पोशाखाचे नाव आहे. 'वेस्तीदो' म्हणजे स्पेनमध्ये स्त्रीचा झगा, तर कोलंबियात पुरुषाचा संपूर्ण सूट. माद्रिदचे स्पॅनिश शुद्ध आणि बोगोताचे अशुद्ध, असे आज तेथील विद्वान म्हणत नाहीत. स्पॅनिश अकादमी आपल्या कोशात अमेरिकेतील अर्थ देशाच्या नावानिशी नोंदवते. आपल्या मराठी कोशात 'रुमाल'पुढे 'सीमाभागात : डोक्याचे वस्त्र' अशी नोंद पाडावयास आपल्यालाही हरकत नसावी.

पायरी बदलण्याचे उदाहरण बिदर-गुलबर्ग्यास घरचेच आहे. निजामाच्या राज्यात दरबारी वेष म्हणजे शेरवानी, डोक्यास दस्तार आणि कमरेस बगलूस. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये निघाले, आणि शिकल्यासवरल्या तरुणांत शेरवानी-रुमी टोपीचा वेष रूढ झाला. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. बगलूस हा शब्द बघता बघता जिभेवरून गेला, रुमी टोपी गेली, पण शेरवानी मागे राहिली आणि आज ती नवरदेवाच्या अंगावर आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले, आणि भालकी, औराद, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिले. कापडाला मात्र सीमा कळली नाही. इलकलचे लुगडे इकडे 'इरकल' होऊन नेसले जातच राहिले, गुळेदगुड्डचा खण चोळीला लागतच राहिला, आणि आपले 'धोतर' कानडी घरांतून 'धोत्र' म्हणून वाळत राहिले.

कापडाला सीमा घालण्याचा प्रयत्न झाला तर काय होते, याचा एक दाखला स्पेनच्याच इतिहासात आहे आणि तो आपल्या शिक्षकांनी अवश्य वाचावा असा आहे. ग्रानादा जिंकल्यावर तेथील मुस्लिमांचे सक्तीने धर्मांतर झाले. त्यांना मोरिस्को म्हणत. धर्म बदलला तरी बोली आणि वेष जुनाच होता. 1567 च्या आरंभी दुसऱ्या फिलिप राजाच्या नावाने फर्मान निघाले की, तीन वर्षांत सर्वांनी कास्तीलची भाषा शिकावी, त्यानंतर अरबी बोलू वा लिहू नये, आणि मोरिस्को वेष टाकून द्यावा. स्त्रियांचे 'आल्मालाफा' हे अंगभर घ्यावयाचे वस्त्रही त्यात आले. हा शब्द आपल्या ओळखीच्या 'लिहाफ'च्या धातूचा. त्यावर फ्रांसिस्को नुन्येस मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने एक निवेदन सादर केले. त्याचा मुख्य युक्तिवाद साधा होता. हा वेष धर्माचा नसून प्रांताचा आहे. राज्यातील इतर प्रांतांचेही वेष परस्परांपासून भिन्न आहेत, पण म्हणून ते लोक ख्रिस्ती नाहीत असे कोणी म्हणत नाही. शिवाय घरोघर ठेवलेली मोलाची वस्त्रे टाकून देऊन गरिबाने नवी आणावीत कोठून, हाही त्याचा प्रश्न होता. निवेदनाचा उपयोग झाला नाही. 1568 च्या अखेरीस आल्पुखारासच्या डोंगरात बंड पेटले, ते 1571 पर्यंत चालले, आणि पुढे 1609 पासून मोरिस्कोंना देशाबाहेरच घालवण्यात आले. ज्या वेषावर बंदी आली त्याचे शब्द मात्र बंदी घालणाऱ्यांच्याच भाषेत उरले. 1611 साली कोबार्रूबियास याने स्पॅनिश शब्दांचा मोठा कोश छापला, त्यात त्याला अशा शब्दांची अरबी मुळे सांगत बसावे लागले. आपल्याकडेही शिवकाळात राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजले. दफ्तरात त्यांतले काही चालले, पण शिंप्याच्या दुकानात कोणी ते मागितल्याचे दिसत नाही.

आता क्रियापदांकडे येऊ, कारण विद्यार्थ्याची खरी गाठ तेथेच पडते. मराठीत लुगडे नेसतात, चोळी घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात आणि दागिने लेतात. इंग्रजीच्या सवयीने अलीकडची मुले साडीही 'घालू' लागली आहेत, ते असो. कानडीतही असाच विवेक आहे. कमरेस गुंडाळावयाचे ते 'उडु', अंगात चढवावयाचे ते 'तोडु', आणि दोन्ही मिळून पोशाखाला 'उडिगे-तोडिगे' असा जोडशब्द. पायताणासाठी वेगळे 'मेट्टु' आणि डोक्याच्या रुमालासाठी 'सुत्तु', म्हणजे गुंडाळणे. स्पॅनिशमध्ये अंगावर चढवण्यास सर्वसाधारण 'पोनेर्से' आणि अंगावर असण्यास 'येवार' ही क्रियापदे चालतात. पण पायांसाठी 'काल्थार' हे वेगळे क्रियापद आहे, आणि डोके झाकण्यास 'तोकार्से'. इंग्रजीच्या एका शब्दावरून शिकणाऱ्यास हा 'काल्थार' निष्कारण अवघड वाटतो. कानडी शेजारात वाढलेल्या मराठी मुलास शिक्षकाने फक्त एवढे सांगावे की, हा त्यांचा 'मेट्टु' आहे. भेद इतकाच की काल्थार हातमोज्यांनाही चालतो.

लिंगाची गोष्ट याच्या उलट आहे. कानडीत निर्जीव वस्तू सरसकट नपुंसक. मराठीत टोपी ती, सदरा तो, धोतर ते. स्पॅनिशमध्ये नपुंसक नाम नाही, म्हणून प्रत्येक वस्त्र तो किंवा ती व्हावेच लागते. कामिसा ती, फाल्दा ती, पांतालोन तो, साप्पात म्हणून कोकणी लोक ओळखतात तो 'थापातो'ही तोच. ज्याची घरची भाषा मराठी आहे त्याला ही व्यवस्था नवी वाटत नाही. ज्याचे शिक्षण प्रामुख्याने कानडीतून झाले त्याने नाम शिकताना 'एल' वा 'ला' हे उपपद पहिल्यापासून सोबतच पाठ करावे.

समारंभाच्या वेषासाठी स्पॅनिशमध्ये मुख्य शब्द 'त्राखे'. तो एखाद्या प्रांताच्या वेषालाही लागतो, पुरुषाच्या सूटलाही लागतो आणि वधूच्या पोशाखालाही. निमंत्रणपत्रिकेवर 'त्राखे दे एतिकेता' असे छापले असेल तर रीतसर दरबारी वेष अपेक्षित आहे असे समजावे. 'एतिकेता' हा शब्द मजेदार आहे. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीलाही तोच आणि राजशिष्टाचारालाही तोच. त्यातही पायऱ्या आहेत. सर्वांत वरचा 'फ्राक', मागे शेपटे असलेला. दिवसाच्या विवाहास 'चाके'. रात्रीच्या मेजवानीस 'एस्मोकिन'. हे तिन्ही शब्द फ्रेंच वा इंग्रजीतून आलेले आहेत हे ऐकून आपल्या भाषाशुद्धीवाद्यांना थोडा दिलासा मिळावा. स्त्रिया विशेष प्रसंगी केसांत 'पेइनेता' हा उंच फणा खोचून त्यावरून 'मांतिया' हे जाळीचे वस्त्र सोडतात. पवित्र सप्ताहात ते काळे असते. क्यूबासारख्या उष्ण देशात मात्र कोटाची सक्ती चालत नाही. तेथे चुण्यांचा, चार खिशांचा सैल सदरा, 'ग्वायाबेरा', हाच प्रतिष्ठेचा वेष, आणि 2010 मध्ये सरकारी समारंभांसाठी त्याला अधिकृत मान मिळाला. बाहीच्या दुहेरी बटणांना स्पॅनिशमध्ये 'खेमेलोस' म्हणतात, म्हणजे जुळी. बिदरी कामाची अशी बटणे बिदरचे कारागीर करतात, पण त्यांना हे गोड नाव सुचले नाही.

वर्गात हे सारे यादीने सांगू नये. एक लग्न घ्यावे. आपल्याकडील लग्नात कोणाला टॉवेल-टोपीचा आहेर, कोणाला भरपोशाख, विहीण काय नेसली, नवरदेव काय घालून आला, म्हाताऱ्याने रुमाल कोणत्या रंगाचा बांधला, हे मुलांना प्रथम आपल्या बोलीत, जसे घरी बोलतात तसे, लिहू द्यावे. त्यावर तांबडी शाई चालवू नये. मग त्याच लग्नाचे वऱ्हाड सेव्हिलला न्यावे आणि प्रत्येक माणसाच्या अंगावर स्पॅनिश वस्त्र चढवावे. ज्याला स्पॅनिश नाव सापडणार नाही त्याला त्याचे मूळ नाव ठेवावे. इरकलीला स्पॅनिश प्रतिशब्द नाही, आणि नवरीच्या आजीला फाल्दा नेसवण्याचे कारणही नाही.